संगणक झोपतो म्हणजे नेमके काय होते?

रात्री पूर्ण चार्ज केलेला लॅपटॉप झाकण मिटून बॅगेत ठेवला जातो. दहा तासांनी बॅग उघडावी, तर लॅपटॉप कोमट लागतो आणि बॅटरी निम्म्यावर आलेली असते. दुसरा अनुभवही असाच नेहमीचा. रोज न चुकता ‘शट डाउन’ होणारा संगणक विंडोजच्या ‘टास्क मॅनेजर’मध्ये मात्र गेले कित्येक दिवस सलग चालू असल्याचे दाखवतो. दोन्ही वेळा यंत्रात बिघाड नसतो. चालू आणि बंद यांच्या मध्ये संगणकाला अनेक पायऱ्या असतात. कोणत्या वेळी कोणत्या पायरीवर उतरायचे, हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते आणि तिने काय ठरवावे हे बरेचसे सेटिंगवर अवलंबून असते. या पायऱ्या समजल्या की दोन्ही कोडी सुटतात आणि सेटिंगच्या पानावर इतके पर्याय का दिलेले असतात हेही कळते.

वीज जाते कुठे?

बॅटरीत साठणारी वीज वॅट-तासांत मोजतात. ५० वॅट-तासांची बॅटरी १० वॅट घेणाऱ्या लॅपटॉपला ५ तास पुरते, २५ वॅट घेणाऱ्याला २ तास, आणि झोपेत अर्धा वॅट घेणाऱ्याला १०० तास, म्हणजे चार दिवसांहून अधिक. दहा तासांत बॅटरी निम्मी उतरली असेल, तर लॅपटॉपने त्या काळात सरासरी अडीच वॅट घेतले, असा हिशेब निघतो. गाढ झोपलेले यंत्र इतकी वीज घेत नाही. याचा अर्थ ते पूर्ण झोपलेलेच नव्हते.

वाचन, टायपिंग अशा हलक्या कामात विजेचा मोठा वाटा पडद्याला लागतो. एलसीडी पडद्यामागे दिवा असतो आणि पडद्यावर काहीही दिसत असले तरी तो जळतच राहतो. म्हणून स्क्रीनसेव्हरमुळे विजेची बचत होत नाही. उजेड कमी केला किंवा पडदा पूर्ण बंद केला, तरच ती होते. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीचा फायदा तिथे खरोखर मिळतो.

जड कामात मात्र प्रोसेसर सर्वांत खादाड ठरतो. त्यातले ट्रान्झिस्टर सतत चालू-बंद होत असतात आणि प्रत्येक वेळी थोडी वीज खर्च होते. हा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज दुप्पट केले तर खर्च चौपट होतो. वेग कमी केला की व्होल्टेजही उतरवता येते, आणि त्यातून दुहेरी बचत होते.

इंटेलने जानेवारी २००० मध्ये लॅपटॉपच्या पेंटियम-३ प्रोसेसरात आणलेली ‘स्पीडस्टेप’ ही सोय याच गणितावर उभी होती. ६५० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर चार्जर लावलेला असताना १.६ व्होल्टवर पूर्ण वेगाने चाले आणि बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्झ व १.३५ व्होल्टवर येई. वेग घटला सुमारे २३ टक्क्यांनी, पण वरच्या सूत्राप्रमाणे विजेची मागणी घटली सुमारे ४५ टक्क्यांनी. काम उरकायला जास्त वेळ लागतो हे धरले, तरी प्रोसेसरने त्याच कामासाठी घेतलेली एकूण वीज जवळजवळ ३० टक्के कमी भरते. चार्जर काढल्यावर लॅपटॉप किंचित मंद वाटतो, त्यामागेही आजतागायत हेच तत्त्व असते.

निर्णय कोणाच्या हाती?

संगणकाच्या मदरबोर्डवरील चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा साठवलेला असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात, आणि जुन्या संगणकांत त्याचे नाव होते बायोस. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ मध्ये ‘एपीएम’ नावाची पद्धत आणली. तिच्यात वीज वाचवण्याचा बराचसा कारभार बायोसकडे होता. कीबोर्ड किंवा डिस्क ठरावीक वेळ हलली नाही की बायोस यंत्राला झोपवू शके. अडचण अशी की पडद्यावर काय चालले आहे हे बायोसला कळत नसे. कोणी लांबलचक मजकूर वाचत बसले आहे की संगणक खरोखर रिकामा आहे, हा फरक ऑपरेटिंग सिस्टीमलाच ठाऊक असतो.

म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ हे मानक जाहीर केले. त्याने कामाची वाटणी बदलली. यंत्रात कोणते भाग आहेत आणि त्यांना कोणकोणत्या अवस्थांत नेता येते, याची यादी फर्मवेअरने द्यायची. निर्णय मात्र ऑपरेटिंग सिस्टीमने घ्यायचा. विंडोज ९८ पासून मायक्रोसॉफ्टने ही पद्धत स्वीकारली, लिनक्सही त्यावरच चालते. २०१३ पासून या मानकाची देखभाल यूईएफआय फोरम ही संस्था करते.

या वाटणीमुळे एक गोष्ट स्पष्ट होते. फर्मवेअरने जी अवस्था यादीत दिलेलीच नाही, ती ऑपरेटिंग सिस्टीमला सहसा वापरता येत नाही. दोन लॅपटॉपवर एकच विंडोज असूनही झोपेचे पर्याय वेगवेगळे दिसतात, ते यामुळे.

झोपेच्या पायऱ्या

एसीपीआयने या अवस्थांना ‘एस-०’ ते ‘एस-५’ अशी नावे दिली आहेत. एस-० म्हणजे जागे, एस-५ म्हणजे पूर्ण बंद. रोजच्या वापरात महत्त्वाच्या दोन मधल्या पायऱ्या म्हणजे एस-३, ज्याला सर्वसाधारणपणे ‘स्लीप’ म्हणतात, आणि एस-४, म्हणजेच ‘हायबरनेट’.

स्लीपमध्ये प्रोसेसर, पडदा, डिस्क या सर्वांची वीज तोडली जाते. फक्त रॅमला, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीला, बारीक पुरवठा सुरू राहतो. रॅममधली माहिती सूक्ष्म विद्युतभारांच्या रूपात असते आणि हे भार सतत गळत असतात. दर ६४ मिलिसेकंदांत किंवा त्याहून लवकर ते पुन्हा भरावे लागतात, नाहीतर माहिती पुसली जाते. झोपेतली वीज मुख्यतः यावर खर्च होते. रॅम शाबूत असल्यामुळे झाकण उघडताच काही सेकंदांत काम होते तिथून पुढे सुरू होते.

हायबरनेटमध्ये रॅममधली माहिती डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरवली जाते आणि मग वीज पूर्ण तोडली जाते. पुन्हा बटण दाबल्यावर ती फाइल वाचून रॅम पूर्ववत भरली जाते. जागे व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, पण बॅटरी पार उतरली तरी काम वाया जात नाही.

शिंप्याच्या दुकानाचे उदाहरण इथे चपखल बसते. जेवायला जाताना शिंपी अर्धवट शिवलेला सदरा मशीनवर तसाच ठेवतो आणि राखणीला पोराला बसवून जातो. परत आला की पाय मारायला लगेच सुरुवात. ही झाली स्लीप. राखणदाराचा खर्च म्हणजे रॅमला लागणारी वीज. गावाला जाताना मात्र तो कापड, बाह्या, कॉलर आणि मापाची चिठ्ठी एकत्र बांधून कपाटात ठेवतो आणि कुलूप लावतो. राखणीची गरज उरत नाही, परतल्यावर गाठोडे सोडायला तेवढा वेळ लागतो. हे हायबरनेट. सगळे कपडे पूर्ण करून, गिऱ्हाइकांना देऊन दुकान बंद करणे म्हणजे शट डाउन.

प्रत्येक पायरी निवडताना तीन गोष्टींचा ताळमेळ घालावा लागतो: यंत्र किती लवकर जागे होते, दरम्यान किती वीज घेते, आणि वीज गेली तर काम टिकते का. वीज-व्यवस्थापनाच्या बहुतेक सर्व सेटिंगच्या मुळाशी हे तीन प्रश्न असतात.

जागेपणी होणारी बचत

मोठी बचत झोपेत होते हे खरे, पण संगणक जागा असतानाही प्रोसेसर बहुतांश वेळ रिकामा असतो. दोन अक्षरे टाइप करण्यामधला काळ माणसाला जाणवतही नाही, पण प्रोसेसरच्या मोजमापात तो फार मोठा असतो. त्या अवधीत तो आपले भाग बंद करत हलक्या, मध्यम, गाढ अशा विश्रांतीच्या पायऱ्या उतरतो. एसीपीआयमध्ये त्यांना ‘सी’ अवस्था म्हणतात. चालू असताना वेग आणि व्होल्टेज कमी-जास्त करण्याच्या पायऱ्यांना ‘पी’ अवस्था असे नाव आहे.

गाढ विश्रांतीत उतरायला आणि तिथून वर यायलाही वेळ आणि वीज लागते, म्हणून वारंवार उठावे लागले तर तिचा उपयोग होत नाही. पूर्वी ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच ही विश्रांती मोडत असे. लिनक्समध्ये वेळ मोजण्यासाठी प्रोसेसरला सेकंदाला शेकडो वेळा उठवले जाई, काही रचनांत तर १००० वेळा, मग काम असो वा नसो. २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात बदल झाला: पुढचे काम जेव्हा असेल तेव्हाच उठायचे, तोवर ठोके बंद. त्याच वर्षी इंटेलने ‘पॉवरटॉप’ हे साधन खुले केले. कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरला सेकंदाला किती वेळा उठवतो, याची यादीच ते पडद्यावर मांडते. ती पाहून अनेक प्रोग्रॅमरांनी आपले प्रोग्रॅम सुधारले. ॲपलनेही २०१३ च्या ‘मॅव्हरिक्स’ आवृत्तीत वेगवेगळ्या प्रोग्रॅमांची किरकोळ कामे एकत्र आणून एकाच जागेपणी उरकण्याची पद्धत आणली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. प्रोसेसरला कायम कमी वेगात बांधून ठेवले की बॅटरी जास्त टिकते, असे अनेकांना वाटते. पण काम रेंगाळले तर पडदा, रॅम आणि बाकीचे भाग तेवढा जास्त वेळ वीज घेत राहतात. पुष्कळदा काम झटपट संपवून गाढ विश्रांतीत जाणेच स्वस्त पडते. कधी धावायचे आणि कधी सावकाश जायचे, हा निर्णय क्षणाक्षणाला घ्यावा लागतो. २०१५ नंतरच्या इंटेल प्रोसेसरांत ‘स्पीड शिफ्ट’ या सोयीने तो प्रोसेसरच घेतो. ऑपरेटिंग सिस्टीम त्याला फक्त कल सांगते: वेगाला झुकते माप द्यायचे की बचतीला. सेटिंगमधला ‘बॅलन्स्ड’ किंवा ‘पॉवर सेव्हर’ हा पर्याय मुख्यत्वे हा कल बदलतो. म्हणूनच बहुतेकांसाठी ‘बॅलन्स्ड’ योग्य असते.

बॅगेतला लॅपटॉप कोमट का?

स्मार्टफोन पडदा बंद असतानाही संदेश घेतो आणि बोट लावताच उजळतो. लॅपटॉपही तसाच वागावा, या हेतूने मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आणि विंडोज १० मध्ये त्याचे विस्तारित रूप ‘मॉडर्न स्टँडबाय’ आणले. यात यंत्र एस-३ मध्ये जातच नाही. कागदोपत्री ते एस-० मध्ये, म्हणजे जागे असते. पडदा बंद आणि प्रोसेसर अतिशय गाढ विश्रांतीत, एवढेच.

सगळे सुरळीत असेल तर ही अवस्था फारच थोडी वीज घेते. पण एखादा ड्रायव्हर, म्हणजे वाय-फाय किंवा अन्य भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम, नीट थांबला नाही, किंवा एखादे अपडेट मध्येच सुरू झाले, तर प्रोसेसर गाढ विश्रांतीत उतरू शकत नाही. बंद बॅगेत उष्णता बाहेर जायला वाट नसते. लॅपटॉप कोमट होतो, बॅटरी उतरते. पहिल्या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा इथे सापडते.

आपल्या यंत्रात काय आहे हे पाहण्यासाठी विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा आणि तिच्यापुढे तिरकी रेघ व ‘ए’ हे इंग्रजी अक्षर द्यावे. उपलब्ध झोपेच्या अवस्थांची यादी समोर येते. त्याच आज्ञेला ‘स्लीपस्टडी’ हा शब्द जोडला की मागच्या काही दिवसांत झोपेत किती बॅटरी गेली आणि कोणत्या भागामुळे गेली, याचा अहवाल तयार होतो. ‘रिक्वेस्ट्स’ जोडले तर संगणकाला झोपू न देणाऱ्या प्रोग्रॅमांची नावे दिसतात.

यावरचा साधा उपाय म्हणजे बॅटरीवर असताना झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट व्हावे, असे ठरवून ठेवणे. कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’ मध्ये झाकण आणि बटणे यांसाठी ‘ऑन बॅटरी’ आणि ‘प्लग्ड इन’ असे दोन रकाने असतात. पहिल्यात हायबरनेट आणि दुसऱ्यात स्लीप ठेवले, की घरात सोय आणि प्रवासात सुरक्षितता दोन्ही साधतात. विंडोज ११ मध्ये हायबरनेट हा पर्याय सुरुवातीला मेनूत दिसत नाही. तो याच पानावर खूण करून दिसता करावा लागतो.

शट डाउन आणि रीस्टार्ट

दुसऱ्या कोड्याचे उत्तर ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीत आहे. विंडोज ८ पासून शट डाउन केल्यावर उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती हायबरनेटप्रमाणे डिस्कवर साठवली जाते. दुसऱ्या दिवशी ती उचलून संगणक लवकर सुरू होतो. गाभा मात्र जुनाच चालू राहतो, म्हणून टास्क मॅनेजरमधला आकडा वाढत जातो. ‘रीस्टार्ट’ दिल्यावरच सगळे पहिल्यापासून सुरू होते. संगणक अडखळत असेल तर शट डाउनपेक्षा रीस्टार्टचा गुण का येतो, याचे कारण हेच. शिफ्टची कळ दाबून शट डाउन निवडले तरी पूर्ण बंद होतो.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर ही सोय बंद ठेवणे शहाणपणाचे ठरते. अर्धवट झोपलेल्या विंडोजच्या डिस्कवर लिनक्समधून लिहिले तर माहिती बिघडू शकते.

लिनक्स आणि मॅकवर

लिनक्समध्ये स्लीपचे दोन प्रकार आढळतात. ‘डीप’ म्हणजे एस-३ आणि ‘एस-टू-आयडल’ म्हणजे मॉडर्न स्टँडबायसारखी हलकी झोप. फर्मवेअरने दोन्ही दिले असतील तर निवड करता येते. हायबरनेटसाठी डिस्कवर ‘स्वॅप’ ही पुरेशी मोठी राखीव जागा लागते. ‘सिक्युअर बूट’ चालू असल्यास अनेक लिनक्स प्रणालींमध्ये हायबरनेट उपलब्ध नसते. आधी स्लीप आणि ठरावीक वेळाने आपोआप हायबरनेट, असा जोडपर्यायही असतो. लॅपटॉपसाठी तोच सर्वांत सोयीचा.

मॅकबुकमध्ये ही जोडणी ॲपलने आधीच करून दिलेली असते. झोपताना रॅममधली माहिती डिस्कवरही उतरवली जाते, त्यामुळे बॅटरी संपली तरी काम टिकते. ‘बॅटरी’च्या पानावर ‘लो पॉवर मोड’ चालू करण्याखेरीज सहसा काही करावे लागत नाही.

डेस्कटॉप, लोडशेडिंग आणि वीजबिल

डेस्कटॉपला बॅटरी नसते. तो झोपलेला असताना लाइट गेले तर रॅम पुसली जाते आणि न साठवलेले काम जाते. यासाठी विंडोज व्हिस्टापासून ‘हायब्रिड स्लीप’ मिळते. माहिती डिस्कवरही लिहायची आणि रॅमही चालू ठेवायची, अशी ही दुहेरी तजवीज असते. जिथे लाइट वारंवार जातात तिथे डेस्कटॉपवर ती चालू असावी. यूपीएस यूएसबी केबलने संगणकाला जोडता येत असेल तर जरूर जोडावा. मग ऑपरेटिंग सिस्टीम त्याला बॅटरी मानते आणि तो संपत आला की स्वतःहून हायबरनेट होते. घरातला साधा इन्व्हर्टर असा निरोप देत नाही.

बिलाचा हिशेबही सोपा आहे. समजा, एका शाळेच्या संगणक कक्षातले ३० डेस्कटॉप संध्याकाळी ७ ते सकाळी ९ असे १४ तास रिकामे चालू राहतात आणि प्रत्येकी ८० वॅट घेतात. रात्रीला ३३.६ युनिट वीज जाते. तेच ३ वॅट घेत झोपले तर सव्वा युनिट पुरते. फरक ३२ युनिटांहून अधिक, तोही एका रात्रीचा, आणि त्यासाठी फक्त ‘अमुक मिनिटांनी स्लीप’ ही एक ओळ बदलावी लागते.

चौकट: थोडक्यात

- पडद्याचा उजेड हा बचतीचा पहिला उपाय. स्क्रीनसेव्हर वीज वाचवत नाही.
- स्लीप: लवकर उठते, थोडी वीज घेते, वीज गेली तर काम जाते.
- हायबरनेट: उठायला वेळ लागतो, पण वीज जवळजवळ लागत नाही आणि काम टिकते.
- प्रवासात, बॅगेत ठेवताना हायबरनेट वापरावे.
- संगणक अडखळला तर शट डाउन नव्हे, रीस्टार्ट करावा.
- डेस्कटॉपवर हायब्रिड स्लीप चालू ठेवावी.
- लॅपटॉप कायम चार्जरवर असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय शोधावी.

बॅटरीचे आयुष्य

लिथियम-आयन बॅटरी दोन गोष्टींनी लवकर म्हातारी होते: उष्णता आणि दीर्घकाळ पूर्ण भरलेले राहणे. म्हणून अनेक उत्पादक ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय देतात. दिवसभर टेबलावर चार्जर लावून वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपसाठी ती अवश्य चालू करावी, आणि लांबच्या प्रवासाआधी तेवढी बंद करावी. विंडोजच्या ‘पॉवरसीएफजी’ आज्ञेला ‘बॅटरीरिपोर्ट’ जोडल्यास बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी पाहायला मिळते. मूळ ५० वॅट-तासांपैकी ३० च उरले असतील, तर कोणतेही सेटिंग जुना टिकाऊपणा परत आणू शकत नाही.

उत्पादकाने ठरवून पाठवलेली सेटिंग सर्वांना साधारण चालावीत म्हणून असतात. गावोगाव फिरणारा विक्रेता, दिवसभर टेबलाशी बसणारा हिशेबनीस आणि लोडशेडिंगच्या गावातली शाळा या तिघांच्या गरजा वेगळ्या, आणि त्या यंत्राला आपोआप कळत नाहीत. म्हणून प्रत्येकाने आपल्या संगणकाचे पॉवरचे पान एकदा शांतपणे उघडावे आणि दोन गोष्टी स्वतः ठरवाव्यात: झाकण मिटल्यावर काय व्हावे आणि रिकामा असताना किती मिनिटांनी झोपावे. पाच मिनिटांच्या या कामाचा फायदा यंत्र टिकेल तोवर मिळत राहतो.